लेडीज जिममधली मैत्री: जमते कशी, कामी कुठे येते आणि बिनसते कुठे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे की लेडीज जिम जॉइन करून महिना झाला, तिथे सगळ्यांचे ग्रुप आधीच ठरलेले आहेत, तुम्ही येता, आपलं आपलं करता आणि निघता. मैत्रिणी असल्या की व्यायाम टिकतो म्हणतात ते खरं की नुसता गप्पांत वेळ जातो, हे विचारलंयत, आणि शेवटी जाता जाता लिहिलंयत की एक जण रोज तुमच्या वजनावरून काहीतरी बोलते, तिचं काय करायचं. मी बरीच वर्षं बायकांच्याच बॅचेस घेते, तर जे डोळ्यासमोर होताना बघितलंय त्यावरून सांगते, थोडं लांबेल.

आधी पहिलं. एक महिना म्हणजे काहीच नाही हो. कॅन्सास विद्यापीठातल्या जेफ्री हॉल यांनी २०१८ मध्ये यावरच अभ्यास मांडला होता, त्यांच्या अंदाजानुसार नुसत्या ओळखीची साधी मैत्री व्हायला साधारण ५० तास सोबत जावे लागतात, नीट मैत्रीण म्हणावी इतपत यायला ९० आणि जिवलग व्हायला २०० च्या वर. आता हिशोब करा, आठवड्यातून तीन दिवस एक तास धरला तर ५० तासांना चार महिने लागतात, आणि त्या तासातला अर्धा वेळ तर तुम्ही ट्रेडमिलवर कानात हेडफोन घालून असता, तो कसा धरणार? म्हणजे तुमच्यात काही खोट नाहीये आणि त्या बायका शिष्ट आहेत असंही लगेच ठरवू नका. तुम्हाला जो ‘ग्रुप’ दिसतोय ना, तो बहुतेक वेळा मैत्रीपेक्षा सवयच असते, त्याच वेळेला त्याच कोपऱ्यात वर्षभर घाम गाळला की आपोआप जमलेली.

म्हणून पहिला सल्ला अगदी कंटाळवाणा आहे. वेळ बदलू नका. आज सकाळी, उद्या संध्याकाळी, परवा दुपारी रिकामं असतं म्हणून दुपारी, असं करणारी मेंबर तीन वर्षं आली तरी कुणाला तिचं नाव माहीत नसतं, मी बघितलंय. तोंड रोज दिसलं की माणूस आवडायला लागतं, हे रॉबर्ट झायन्स नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९६८ मध्येच प्रयोग करून दाखवलंय, आणि जिममध्ये ते रोज खरं होतं. एकच बॅच धरा, मग ती गर्दीची असली तरी चालेल, उलट गर्दीची असेल तर बरंच, कारण मशीन शेअर करावं लागतं आणि तिथूनच बोलणं सुरू होतं.

दुसरं, मदत द्यायला जाण्याआधी मागा. नवीन बायका उलट करतात, म्हणजे गोड हसतात, कौतुक करतात, आणि समोरचीला कळत नाही याला काय उत्तर द्यायचं. त्यापेक्षा ‘तुमचे अजून किती सेट आहेत? मध्ये मध्ये मी मारू का?’ हे विचारा. (सेट म्हणजे एकच व्यायाम न थांबता ठरावीक वेळा करायची एक फेरी.) जड वजनाच्या दोन सेटमध्ये दोन-तीन मिनिटं थांबावंच लागतं, त्या वेळात दुसरी तिचा सेट मारते, प्लेट चढवायला उतरवायला चार हात होतात, आणि मधल्या वेळात माणूस बोलतंच. वेट्सच्या बाजूला मैत्र्या जमतात आणि कार्डिओच्या लाइनमध्ये जमत नाहीत त्याचं हे साधं कारण आहे, ट्रेडमिलवर सगळ्यांची तोंडं भिंतीकडे आणि थांबायला जागाच नाही.

कर्व्हज नावाची अमेरिकन लेडीज जिमची साखळी १९९२ मध्ये टेक्सासमध्ये सुरू झाली, तिनं मशीन्स गोल मांडली होती, सगळ्या जणी गोलात एकेका मशीनवर थोडा थोडा वेळ करत पुढे सरकायच्या आणि अर्ध्या तासात सगळं आटपायचं. गोलात असल्यामुळे शेजारची, समोरची सतत दिसायची, बोलता यायचं. त्या व्यायामाबद्दल एक ट्रेनर म्हणून माझे आक्षेप आहेत, तिथल्या हायड्रॉलिक मशीनवर वजन नेमकं मोजून वाढवता येत नव्हतं, पण मांडणी ज्यानं कुणी सुचवली त्याला बायका टिकतात कशानं हे नक्की कळलं होतं.

पार्टनर निवडताना एक गोष्ट कुणी सांगत नाही ती सांगते, उंची बघा. स्क्वॉट म्हणजे खांद्यावर बार घेऊन बसणं-उठणं, त्याच्या रॅकचे, म्हणजे बार ठेवायच्या स्टँडचे हुक उंचीप्रमाणे लावावे लागतात, पार्टनर एक वीत उंच असेल तर दर सेटला हुक वर-खाली करायचे, दोन दिवसांत दोघी कंटाळतात. साधारण तुमच्या उंचीची आणि तुमच्यापेक्षा थोडीच जास्त ताकदीची बाई शोधा. थोडीच म्हणतेय.

हे ‘थोडीच’ काही मी मनचं सांगत नाही. १९२० च्या दशकात ओट्टो क्योलर या जर्मन मानसशास्त्रज्ञानं बर्लिनच्या एका रोइंग क्लबच्या खेळाडूंना जोडीनं थकेपर्यंत वजन उचलत राहायला लावलं, अट अशी की एकानं सोडलं की दोघांचं संपलं. तर जो कमजोर होता तो एकट्यानं केलं असतं त्यापेक्षा जास्त वेळ टिकला, माझ्यामुळे दुसऱ्याचं अडायला नको म्हणून. पण दोघांत फरक मध्यम असेल तेव्हाच हे छान चालतं, फार मोठा फरक असला की कमजोर माणूस आधीच हात टेकतो. पुढे मिशिगन स्टेट विद्यापीठाच्या टीमनं हेच सायकलिंग करणाऱ्या बायकांवर करून बघितलं, २०१२ मध्ये ते छापून आलं. स्क्रीनवर एक पार्टनर दाखवली, ती तुमच्यापेक्षा जराशी सरस आहे म्हणून सांगितलं, आणि आधी थांबेल तिचाच वेळ टीमचा वेळ अशी अट घातली. त्या बायकांनी एकटीनं सायकल मारणाऱ्यांच्या साधारण दुप्पट वेळ मारली. आणि ती पार्टनर खरी नव्हतीच, रेकॉर्डिंग होतं! खरी मैत्रीण शेजारी असेल तर काय होत असेल विचार करा.

म्हणजे तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर हो, फायदा होतो, पण कुणीही शेजारी उभं राहिलं की होतो असं नाही. माझं तुझ्यावर आणि तुझं माझ्यावर काहीतरी अवलंबून असलं पाहिजे. नुसत्या एकत्र येऊन शेजारशेजारच्या मॅटवर झोपून गप्पा मारणाऱ्या दोघी जणी एकमेकींना पुढे नेत नाहीत, त्या एकमेकींना सूट देतात, ‘जाऊ दे गं आज, मी पण दोनच सेट करतेय’. हे इतकं सर्रास चालतं की मी बॅचमध्ये मोबाइलवर टायमर लावायला सांगते, दोन सेटमध्ये दीड ते तीन मिनिटं, वाजला की बोलणं जिथल्या तिथे सोडून बारखाली. गोष्ट अर्धी राहिली की पुढच्या ब्रेकला पूर्ण होते, काही बिघडत नाही, उलट पुढच्या सेटची वाट बघितली जाते.

आणखी एक, नवीन व्यायाम शिकताना मात्र चार जणींच्या घोळक्यात शिकू नका. येत असलेली गोष्ट लोकांसमोर जास्त चांगली होते आणि न येणारी जास्त बिघडते, हे परत त्या झायन्सचंच, १९६५ चं. डेडलिफ्ट, म्हणजे जमिनीवरचा बार उचलून सरळ उभं राहणं, पहिल्यांदा करताना पाठीमागून तीन जणी ‘कंबर खाली, नाही नाही वर, छाती पुढे’ ओरडत असतील तर ज्या बाईला तोल सांभाळायचाय तिनं ऐकायचं कुणाचं? ट्रेनर आणि फार तर एक मैत्रीण, तीही गप्प. जमायला लागलं की मग हवा तेवढा आरडाओरडा करा.

आता स्पॉट देण्याबद्दल, म्हणजे वजन उचलणारी अडली तर हात द्यायला जवळ उभं राहण्याबद्दल, जरा सविस्तर बोलते, कारण माझ्या मते जिममधला खरा विश्वास इथे तयार होतो आणि बायकांना हेच कुणी नीट शिकवत नाही. बेंच प्रेसला, म्हणजे बाकावर उताणं झोपून बार छातीवरून वर ढकलताना, मैत्रीण डोक्याच्या मागे उभी राहते. सेट सुरू व्हायच्या आधी तिनं तीन गोष्टी विचारायच्या, किती रेप्स मारणार आहेस (म्हणजे बार किती वेळा उचलणार), बार रॅकवरून काढून देऊ का, आणि हात कधी लावू. बार वर जाताना थांबला किंवा उलटा खाली यायला लागला की हात लावायचा, त्याआधी नाही, पहिल्या रेपपासून बोटं लावून ठेवणारी मैत्रीण प्रेमळ असते पण तिच्यामुळे तुम्हाला कधीच कळत नाही की वजन तुम्ही उचललंत की तिनं. आणि एकदा हात लावला की बार रॅकवर बसेपर्यंत सोडायचा नाही. डंबेल प्रेसला कोपरांना धरू नका, मनगटांजवळ धरा, कोपर धरलं की हात आत दुमडून डंबेल तोंडावर येऊ शकतं. स्क्वॉटला मैत्रिणीपेक्षा रॅकच्या सेफ्टी बारवर जास्त भरवसा ठेवा, तुम्ही सगळ्यात खाली जाता त्याच्या जरा खाली ते लावायचे. डेडलिफ्टला स्पॉट नसतोच, नाही जमलं तर बार खाली ठेवायचा, तिथे मैत्रिणीनं मध्ये हात घालायला गेलं तर तिचीच पाठ जाते.

जिला तुम्ही चार वेळा बारखालून काढलंत आणि जिनं तुम्हाला काढलं, तिच्याशी वेगळी मैत्री ‘करावी’ लागत नाही. आणि मग चेंजिंग रूममधलं बोलणं सुरू होतं.

लेडीज जिमचा निम्मा फायदा त्या चेंजिंग रूममध्ये आहे असं माझं मत आहे, आणि हे मी ट्रेनर असून म्हणतेय. उड्या मारताना, वजन उचलताना लघवीचे थेंब गळतात ही गोष्ट बायका नवऱ्याला सांगत नाहीत, डॉक्टरला सांगत नाहीत, मला पण सांगत नाहीत, पण शेजारचीला सांगतात, आणि शेजारची म्हणते ‘अगं मला पण’, आणि तिथे विषय संपतो. तो तिथे संपू देऊ नका, माझी एवढीच विनंती आहे. खूप जणींना होतं म्हणजे चालवून घ्यायचं असं नाही, पेल्व्हिक फ्लोअरचे, म्हणजे ओटीपोटाच्या तळाशी मूत्राशय-गर्भाशय पेलणाऱ्या स्नायूंचे व्यायाम नीट शिकवणारी फिजिओथेरपिस्ट असते, बहुतेकींना त्यानं फरक पडतो, आणि तोपर्यंत ट्रेनरला उड्यांच्या जागी दुसरं काही द्यायला सांगता येतं. बाळंतपणानंतर परत आलेल्या मैत्रिणीच्या बाबतीत तर तुम्हीच तिचा ब्रेक व्हा. सहा आठवड्यांची तपासणी झाली म्हणजे सगळं माफ झालं असं तिला वाटतं, पण धावणं आणि उड्या साधारण तीन महिन्यांच्या आधी नकोच, आणि त्यानंतरही जडपणा, गळणं, दुखणं असेल तर थांबायचं. ‘मी तर दीड महिन्यात सुरू केलं होतं’ हे वाक्य तिच्यासमोर कुणी बोललं तर विषय बदला.

काही गोष्टी ऐकल्या की मैत्रिणीनं लाड न करता डॉक्टरकडे पाठवायचं असतं. व्यायाम करताना छातीवर दाब, जबड्यात किंवा हातात दुखणं, नेहमीपेक्षा वेगळी धाप, दरदरून घाम, मळमळ, बायकांमध्ये हृदयाचा त्रास नुसत्या धापेनं किंवा थकव्यानंही येऊ शकतो, तर हे ‘ॲसिडिटी असेल’ म्हणून सोडायचं नाही, व्यायाम तिथेच थांबवायचा. पाळी बंद होऊन वर्ष उलटल्यावर परत रक्तस्राव झाला, छातीत गाठ लागली, तर त्याच आठवड्यात. आणि जी तरुण मुलगी भरपूर व्यायाम करतेय, खात नाहीये आणि तिची तीन-तीन महिने पाळी आलेली नाही, तिचं ‘काय डेडिकेशन आहे’ म्हणून कौतुक चाललेलं असतं, ते थांबवा. शरीराला पुरेशी एनर्जी मिळत नाहीये त्याची ती खूण असू शकते, हाडं कमजोर होतात त्यात.

एक अवघड गोष्ट पण लिहून टाकते. काही जणींसाठी जिम ही दिवसातली एकच जागा असते जिथे त्या घरच्यांशिवाय एकट्या येतात. कपडे बदलताना अंगावर व्यायामाच्या नसलेल्या खुणा दिसल्या तर सगळ्यांसमोर विचारू नका, ग्रुपवर तर चुकूनही नाही. एकटीला गाठून ‘काही लागलं तर मला सांग’ एवढं म्हणा, परत एकदा काही दिवसांनी म्हणा. लगेच ‘सोडून दे त्याला’ सांगायला जाऊ नका, ती येणं बंद करते. मदतीचे नंबर आपल्याला माहीत असावेत आणि ती सांगेल तेव्हा ऐकायला आपण असावं, पुढचं तिनं ठरवायचं.

दांडीबद्दल. मैत्रीण आली नाही की ‘कुठे गायब?? आळशी!!’ आणि हसरे इमोजी, हे आपण मजेत टाकतो पण जिची आई आजारी आहे किंवा जी नुसतीच खचली आहे तिला तो मेसेज बघून जिमकडे यावंसं वाटत नाही, लाज वाटते. ‘उद्या सातला मी रॅकपाशी आहे, नुसतं हलकं करू’ असं काहीतरी लिहा, ज्यात कारण विचारलेलं नाही आणि काम छोटं आहे. माझ्या एका बॅचमधल्या दोघी जणींनी तर आपसात ठरवून टाकलंय की काहीही झालं तरी आठवड्यातले दोन दिवस वेट्सचे सोडायचे नाहीत, बाकीचे गेले तर गेले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशींत पण स्नायूंचा व्यायाम आठवड्यातून किमान दोन दिवस असंच आहे, तर हा करार वाईट नाहीये. वाईट दिवसांतला किमान आकडा आधीच ठरलेला असला की भांडण होत नाही आणि अपराधी पण वाटत नाही.

मैत्री कुठे बिघडते? पैसा आणि पावडर. ग्रुपमधली एखादी वजन कमी करायच्या पावडरी, चहा, कसले कसले पॅच विकायला लागते, खाली अजून मेंबर जोडा म्हणते, आणि मैत्रीण आहे म्हणून बाकीच्या घेतात, नको असताना. मग ज्यांनी घेतलं त्या आणि ज्यांनी नाही घेतलं त्या असे दोन गट पडतात, हे मी एकापेक्षा जास्त वेळा बघितलंय. ‘मी जिममध्ये कुणाकडूनच काही घेत नाही’ असं सरसकट वाक्य ठेवा, म्हणजे ते तिच्यावर येत नाही. फोटोंचं पण तसंच, मागे कोण वाकलेलं आहे ते न बघता सेल्फी टाकला जातो, लेडीज जिममध्ये काही जणी मुद्दाम कुणी बघू नये म्हणून आलेल्या असतात, त्यांना विचारल्याशिवाय फोटो नाही.

आता तुमची ती वजनावर बोलणारी. आधी एक मानून चाला की बहुतेक वेळा तिच्या मनात तुमच्याबद्दल फार काही नसतं, ती स्वतःलाच मोजत असते. आपण कुठे आहोत हे कळायला माणूस आपल्यासारख्याच दुसऱ्याकडे बघतो, लिऑन फेस्टिंगर यांनी १९५४ मध्ये हे मांडलं, आणि चारही बाजूंनी आरसे असलेल्या हॉलमध्ये दुसरं काय होणार. पण म्हणून ऐकून घ्यायचं असं नाही. पहिल्यांदा हसून, पण स्पष्ट, ‘मी वजनावर बोलत नाही, मला स्क्वॉट किती झाला ते विचारा’. परत बोलली की तेच वाक्य, जसंच्या तसं, नवीन कारणं द्यायची नाहीत, कारण दिलं की त्यावर चर्चा सुरू होते. पाणी, पाळी, मीठ, झोप यानं वजन दिवसात किलो-दीड किलो इकडचं तिकडे होतं, तेव्हा काट्यावरच्या आकड्याची रोजची चर्चा तशीही निरर्थकच आहे, हे तिला पटवायला मात्र जाऊ नका, वेळ जातो.

आणि ‘बारीक झालीस!’ हे कौतुक म्हणूनसुद्धा तुम्ही स्वतः कुणाला म्हणू नका. आजारपणात बायका बारीक होतात, कुणी गेल्यावर होतात, जेवण सोडल्यावर होतात, आणि मग जिममध्ये सगळ्या जणी टाळ्या वाजवतात. त्यापेक्षा ‘आज खोल गेलीस स्क्वॉटला’ म्हणा, तिला कळतं की कुणीतरी खरंच बघत होतं.

दोन-तीनदा सांगूनही ती थांबली नाही तर ट्रेनरला बाजूला घेऊन सांगा, ते चुगली करणं नाही, ते आमचं कामच आहे, आणि चांगली ट्रेनर तुमचं नाव न घेता सगळ्या बॅचला तो नियम सांगते. ट्रेनरच हसून सोडून देत असेल, किंवा स्वतःच तसं बोलत असेल, तर मात्र बॅच बदला. त्यात चार महिन्यांचा हिशोब पुन्हा पहिल्यापासून सुरू होईल हे खरं, पण नवीन बॅचमध्ये पहिल्याच आठवड्यात ‘मध्ये मी मारू का’ विचारलंत तर एवढा वेळ लागणार नाही. आणि हे सगळं करूनही तुम्हाला एकटीनंच, हेडफोन लावून, कुणाशी न बोलता करायला बरं वाटतंय असं लक्षात आलं तर तसंच करा, फक्त बेंच प्रेसच्या जड सेटला कुणालातरी हाक मारा.